टेस्टवर ९६ टक्के, कॅमेऱ्यासमोर भोपळा: हालचाल ओळखणारं मॉडेल लाइव्हला का फसतं आणि कुठून तपासायचं

बीईच्या प्रोजेक्टचे रिव्ह्यू जवळ आले की हा प्रश्न ठरलेला. व्हिडिओवरून माणूस काय करतोय ते ओळखायचंय, चालतोय, बसतोय, उठतोय, पडला, फोनवर बोलतोय वगैरे, मॉडेल कोलॅबवर ट्रेन झालं, टेस्टला ९६ टक्के आले, गाइड खूश, आणि मग लॅपटॉपचा वेबकॅम लावला की समोरचा काहीही करो, स्क्रीनवर एकच लेबल चिकटून बसतं. नाहीतर दर सेकंदाला लेबल उड्या मारतं. लगेच पुढचा प्रश्न येतो, आर्किटेक्चर बदलू का, ट्रान्सफॉर्मर लावू का. नका लावू, अजून तरी नका. या तक्रारीत बहुतेक वेळा मॉडेल बिचारं ठीक असतं, ट्रेनिंगला दाखवलेली क्लिप आणि लाइव्हला दाखवलेली क्लिप एकसारखी नसते, नाहीतर मग ते ९६ टक्केच फुगवलेले असतात. दोन्ही तपासायला जीपीयू लागत नाही.

सगळ्यात आधी एक टेस्ट करा, हिच्यावरच पुढचा रस्ता ठरतो. ट्रेनिंगमधलीच एक व्हिडिओ फाइल घ्या, जिच्यावर मॉडेल हमखास बरोबर उत्तर देतं, आणि ती तुमच्या लाइव्हच्या कोडमधून चालवा, म्हणजे कॅमेऱ्याच्या नंबरऐवजी फाइलचा पाथ द्यायचा, बाकी एक ओळही बदलायची नाही. उत्तर चुकलं तर दोष तुमच्या पाइपलाइनमध्ये आहे, डेटा वाढवून किंवा अजून इपॉक चालवून तो जाणार नाही. उत्तर बरोबर आलं तर पाइपलाइन बऱ्यापैकी ठीक, मग दोष डेटात किंवा स्प्लिटमध्ये, म्हणजे ट्रेन आणि टेस्टच्या वाटणीत, शोधायचा. बरेच जण ही टेस्ट न करताच आठवडाभर हायपरपॅरामीटर फिरवत बसतात.

पाइपलाइनवर संशय आला तर मॉडेलला नेमकं काय दिसतंय ते डोळ्यांनी बघा. मॉडेलला कॉल करायच्या अगदी आदल्या ओळीवर टेन्सर (मॉडेलला जाणारा आकड्यांचा ठोकळा) पकडा, नॉर्मलायझेशन (पिक्सेलमधून मीन वजा करून स्टँडर्ड डेव्हिएशनने भागणं) उलटं करा आणि, एका क्लिपमध्ये १६ फ्रेम धरू, १६ च्या १६ फ्रेम एका लांब पट्टीसारख्या शेजारी शेजारी चिकटवून इमेज सेव्ह करा. अशी एक पट्टी ट्रेनिंग क्लिपची, एक लाइव्हची. एकीखाली एक ठेवून बघितली की अर्ध्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

चेहरे निळे दिसतायत? ओपनसीव्ही फ्रेम बीजीआर क्रमाने देतं आणि ट्रेनिंगला तुम्ही दुसऱ्या लायब्ररीने आरजीबी वाचलेलं असतं. माणूस आडवा झोपलाय? मोबाइलवर उभा काढलेला व्हिडिओ फाइलमध्ये बऱ्याचदा आडवाच सेव्ह असतो आणि 'फिरवून दाखवा' असा एक टॅग सोबत असतो, काही लायब्ररी तो टॅग पाळतात, काही पाळत नाहीत, आणि 'पडणे' ओळखणाऱ्या प्रोजेक्टमध्ये हे झालं तर उभा माणूस कायमचा पडलेलाच दिसणार. माणूस चेपलेला, बुटका दिसतोय म्हणजे रुंद फ्रेम तुम्ही थेट चौकोनात दाबलीय. माणूसच अर्धा कापलाय तर सेंटर क्रॉप बघा, १६:९ च्या फ्रेमच्या दोन्ही कडा त्यात उडतात आणि सीसीटीव्हीत माणूस कडेलाच असायचा.

रंग विचित्र फिके किंवा काळपट वाटले तर मीन आणि स्टँडर्ड डेव्हिएशनचे आकडे तपासा. सगळ्या मॉडेलांना एकच आकडे चालतात असं धरून चालणं इथे महागात पडतं. टॉर्चव्हिजन या लायब्ररीतल्या आर३डी आणि आर२प्लस१डी या व्हिडिओ मॉडेलांना मीन ०.४३२१६, ०.३९४६६६, ०.३७६४५ लागतं, फ्रेम ११२ बाय ११२ ची. स्लोफास्टला तिन्ही चॅनलला (लाल, हिरवा, निळा) ०.४५ आणि डेव्हिएशन ०.२२५, व्हिडिओएमएईला इमेजनेटचे नेहमीचे ०.४८५, ०.४५६, ०.४०६, आणि मूळच्या आय३डीला पिक्सेल उणे १ ते १ मध्ये हवेत. एका ट्युटोरियलमधून मॉडेल आणि दुसऱ्यातून प्रीप्रोसेसिंग उचललं की हमखास इथे गडबड. बरं, यात एरर येत नाही, नुसतं उत्तर बिघडतं, म्हणून ते लक्षातच येत नाही.

तसाच न दिसणारा दुसरा बग म्हणजे टेन्सरचा क्रम. टॉर्चव्हिजनला आधी चॅनल मग फ्रेम हवेत, हगिंग फेसवरच्या व्हिडिओएमएईला आधी फ्रेम मग चॅनल. शेप जुळत नाही म्हणून एरर आला की लोक रिशेप मारून मोकळे होतात, एरर जातो, शेप बरोबर दिसतो, पण आतले पिक्सेल एकमेकांत कालवले जातात. अक्ष बदलायला पर्म्यूट वापरायचं, रिशेप नाही. पट्टी काढली असेल तर हे लगेच दिसतं, कारण फ्रेमच्या जागी नुसता भुगा असतो.

व्हिडिओच्या फ्रेम आधीच काढून फोल्डरमध्ये ठेवल्या असतील तर फाइलची नावं बघा. फ्रेम१ नंतर फ्रेम१० येतेय का? नावं मजकूर म्हणून सॉर्ट झाली की १, १०, ११, १२, २ असा क्रम लागतो, म्हणजे काळच उलटापालटा. नाव देतानाच ००००१ असं शून्यं लावून द्या. आणि फोल्डरची यादी सॉर्ट न करता घेतली तर क्लासचा, म्हणजे लेबलांचा, क्रम एका मशीनवर एक, दुसऱ्यावर दुसरा, मग कोलॅबचं मॉडेल लॅपटॉपवर आलं की 'बसणे'ला 'धावणे' म्हणणार. लेबलांची यादी मॉडेलच्या फाइलसोबतच सेव्ह करायची सवय लावा. यूसीएफ१०१ हा तयार डेटासेट वापरणाऱ्यांनी अजून एक बघा, त्याच्या क्लासच्या यादीत नंबर १ पासून सुरू होतात आणि पायथनमध्ये आपण ० पासून मोजतो. उत्तर घेताना मॉडेल इव्हॅल मोडमध्ये टाकायचं हे सांगायला नको, पण सांगतोच: ट्रेन मोडमध्ये एकेक क्लिप दिली तर मॉडेलमधला बॅचनॉर्म हा थर त्या एकाच क्लिपवरून आकडेमोड करतं आणि उत्तर भरकटतं.

आता वेळ. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं, कारण इमेजवरून व्हिडिओकडे आलेल्या माणसाच्या डोक्यात फ्रेम असतात, सेकंद नसतात.

समजा ट्रेनिंगला २५ एफपीएसचे (सेकंदाला २५ फ्रेम) व्हिडिओ होते आणि तुम्ही दर चौथी फ्रेम अशा १६ फ्रेम घेतल्या. म्हणजे ६४ फ्रेमचा पल्ला, म्हणजे साधारण अडीच सेकंद. माणूस खुर्चीवरून उठायला तेवढा वेळ पुरतो, मॉडेलने उठणं अख्खं बघितलंय. आता लाइव्हला तुम्ही ३० एफपीएसच्या वेबकॅमच्या लागोपाठ १६ फ्रेम दिल्या. हा पल्ला झाला जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. अर्ध्या सेकंदात माणूस खुर्चीतून इंचभर हललेला असतो, मॉडेलला तो बसलेलाच दिसणार, आणि ते 'बसलाय' म्हणालं तर त्याचं काय चुकलं? उलटं पण होतं. लॅपटॉपवर जीपीयू नाही, प्रत्येक फेरीला मॉडेल चालवताय, त्यामुळे लूप प्रत्यक्षात ६ एफपीएसने फिरतोय, आणि वर तुम्ही दर चौथी फ्रेम घेताय, तर त्या १६ फ्रेम दहा सेकंदांपेक्षा जास्त काळात पसरल्या. त्यात माणूस उठला, पाणी प्यायला, परत बसला, सगळं एकाच क्लिपमध्ये.

केटीएच नावाचा २००४ चा जुना डेटासेट आहे, २५ माणसं, सहा क्रिया, त्यात चालणे, जॉगिंग आणि धावणे हे तीन वेगळे क्लास आहेत. या तिघांत फरक बराचसा वेगाचाच, त्यामुळे फ्रेमरेट चुकला की चालणारा धावायला लागतो आणि धावणारा फिरायला निघाल्यासारखा दिसतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये वेगावर ठरणारे क्लास असतील तर हे आधी तपासा.

उपाय असा की फ्रेमचे नंबर मोजायचे सोडून घड्याळ बघायचं. प्रत्येक फ्रेम आली की तिची वेळ सोबत ठेवा, शेवटच्या तीनेक सेकंदांच्या फ्रेम एका रांगेत ठेवा, आणि क्लिप बनवताना 'आत्तापासून मागे दर ०.१६ सेकंदाला जी सगळ्यात जवळची फ्रेम असेल ती' अशा १६ उचला. लूप ६ ने फिरो की ३० ने, क्लिपचा पल्ला तेवढाच राहतो. कॅमेरा सांगतो त्या एफपीएसवर विश्वास ठेवू नका, तो ३० सांगेल आणि संध्याकाळी उजेड कमी झाला की एक्स्पोजर वाढवायला स्वतःच १५ वर येईल. मोबाइलच्या व्हिडिओत तर फ्रेमरेट एकाच फाइलमध्ये कमीजास्त होत असतो, म्हणून ट्रेनिंगच्या आधी सगळ्या फाइली एफएफएमपेगच्या एफपीएस फिल्टरमधून काढून एका दराच्या करून घ्या. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवरून, कुठून कुठून गोळा केलेला डेटा असेल तर हे सोडून चालणारच नाही.

पाइपलाइन ठीक निघाली, ट्रेनिंगची फाइल लाइव्ह कोडमधून बरोबर ओळखली गेली, तरी खराखुरा माणूस ओळखत नाही? मग त्या ९६ टक्क्यांकडे वळा.

यूसीएफ१०१ घ्या, २०१२ चा, १०१ क्लास, १३,३२० क्लिपा, बहुतेक प्रोजेक्ट याच्यावरच असतात. यातल्या क्लिपा सुट्या सुट्या नाहीत. प्रत्येक क्लासमध्ये २५ गट आहेत आणि एका गटात ४ ते ७ क्लिपा, आणि एका गटातल्या क्लिपांत माणूस, मागचा देखावा, कॅमेऱ्याचा कोन बऱ्याचदा तोच असतो. फाइलच्या नावात जी०८, सी०३ असं दिसतं ना, त्यातला जी म्हणजे गट. डेटासेटसोबत ट्रेन-टेस्टच्या तीन याद्या मिळतात, त्यात एक गट एकाच बाजूला राहील अशी काळजी घेतलीय. पण आपण काय करतो, सगळ्या फाइली एका यादीत घालतो आणि सायकिट-लर्नच्या स्प्लिटला ८०-२० सांगतो. झालं, त्याच माणसाची त्याच मैदानावरची तीच बॉलिंग दोन्हीकडे गेली, पेपर परीक्षेच्या आदल्या दिवशीच फुटला. क्लिपांऐवजी सुट्या फ्रेमवर स्प्लिट मारणारेही आहेत, त्यांचे तर ९९ येतात.

स्वतः शूट केलेल्या डेटात हे अजून सहज होतं. चार मित्रांचे लांब व्हिडिओ काढले, दोन-दोन सेकंदांच्या, एकमेकींवर अर्ध्या चढलेल्या खिडक्या कापल्या, शफल केल्या, स्प्लिट केल्या. टेस्टमधल्या जवळपास प्रत्येक खिडकीचा अर्धा भाग तरी ट्रेनमध्ये असतोच मग. आधी स्प्लिट, मग कापाकापी. आणि स्प्लिट माणसावर करा, सायकिट-लर्नमध्ये ग्रुप के-फोल्ड त्यासाठीच आहे, गटाच्या जागी माणसाचा नंबर द्यायचा. एनटीयू आरजीबी+डी या डेटासेटचे मोजायचे दोन नियम बघून घ्या, एकात ट्रेनमधली माणसं टेस्टमध्ये नाहीत, दुसऱ्यात ट्रेनमधला कॅमेरा टेस्टमध्ये नाही. तुमचा कॅमेरा बदलणार असेल तर दुसरापण लागू. असं केल्यावर आकडा ९६ वरून ७० वर आला तर घाबरू नका, मॉडेल होतं तेवढंच आहे, आता खरा आकडा कळला. रिपोर्टमध्ये हाच लिहा आणि स्प्लिट कसा केला ते पण लिहा, परीक्षकाला कळत असेल तर त्याला हाच जास्त आवडेल.

यालाच जोडून पार्श्वभूमीचा घोळ. पोहण्याची क्लिप ओळखायला पोहणं बघावंच लागत नाही, निळं पाणी दिसलं की काम झालं. बिलियर्ड्सला हिरवं टेबल पुरतं. मॉडेलला सोपी वाट मिळाली की ते तीच धरतं. पडण्याच्या प्रोजेक्टमध्ये तर हे नेहमीचंच, लागू नये म्हणून 'पडणे'च्या सगळ्या क्लिपा होस्टेलच्या खोलीत गादी टाकून काढलेल्या असतात आणि 'चालणे'च्या कॉरिडॉरमध्ये. मॉडेल गादी ओळखायला शिकतं. मग घरात गादी घातली की आजी पडल्या.

हे पकडायला तीन स्वस्त युक्त्या आहेत. टेस्ट क्लिपची मधली एकच फ्रेम १६ वेळा देऊन बघा, अ‍ॅक्युरसी फारशी खाली आली नाही तर मॉडेल हालचाल बघतच नाहीये. माणसाच्या जागी करडा चौकोन ठेवून बघा, तरीही बरोबर ओळखलं तर देखाव्यावरून ओळखतंय. आणि माझी आवडती, 'बसणे'ची क्लिप उलटी चालवा. उलटं बसणं म्हणजे उठणं, मॉडेल तरीही ठामपणे 'बसणे'च म्हणालं तर त्याला काळाची दिशा कळलेली नाही. समथिंग-समथिंग नावाचा डेटासेट याच कारणासाठी कामाचा आहे, दुसऱ्या आवृत्तीत २,२०,८४७ व्हिडिओ आणि १७४ क्लास, त्यात 'वस्तू डावीकडून उजवीकडे ढकलणे' असले प्रकार आहेत जे एका फ्रेमवरून कळूच शकत नाहीत. त्यावर आधीच शिकलेलं मॉडेल घेऊन आपल्या डेटावर फाइनट्यून केलं तर अशा क्लासना फायदा होण्याची शक्यता जास्त. फक्त आडवं फ्लिप करणारं ऑगमेंटेशन तिथे बंद ठेवा, नाहीतर डावं-उजवं लेबल खोटं ठरतं.

शूटिंग तुमच्या हातात असेल तर नियम साधा ठेवा, प्रत्येक क्रिया प्रत्येक खोलीत, प्रत्येक माणसाने. गादी टाकायची तर चालतानाही तिथेच असू दे. सीसीटीव्ही असेल तर रात्रीचं पण शूट करा, रात्री तो इन्फ्रारेडवर जाऊन चित्र काळंपांढरं होतं आणि रंगीत चित्रांवरच शिकलेलं मॉडेल तिथे ढेपाळतं.

लेबल उड्या मारण्याची तक्रार जरा वेगळी आहे. मॉडेलच्या शेवटी क्लासना टक्के वाटून देणाऱ्या सॉफ्टमॅक्सला 'माहीत नाही' म्हणता येत नाही, क्लास पाच असतील तर रिकाम्या खोलीलासुद्धा पाचातलं एक नाव देणार. त्यात यूसीएफ१०१ काय किंवा कायनेटिक्स काय, क्लिपा आधीच कापलेल्या, कायनेटिक्सच्या साधारण दहा-दहा सेकंदांच्या आणि त्यात ती क्रिया आहेच. खऱ्या खोलीत बहुतेक वेळ काहीच घडत नसतं. म्हणून 'बाकी काहीही' असा क्लास हवाच, आणि त्यात रिकामी खोली भरून भागणार नाही, फसवणाऱ्या गोष्टी भरा: वाकून चप्पल घालणे, खाली पडलेलं उचलणे, पलंगाखाली झाडू मारणे. आपल्याकडे तर लोक जमिनीवर मांडी घालून जेवतात, भाजी निवडतात, दुपारी चटईवर आडवे होतात. खुर्ची-सोफ्याच्या घरात शूट झालेल्या परदेशी डेटावर शिकलेल्या मॉडेलला जमिनीवर दिसलेला माणूस म्हणजे पडलेलाच वाटला तर नवल नाही.

आणि थ्रेशोल्ड ०.९ ठेवला, म्हणजे ९० टक्के खात्री असेल तरच उत्तर मानलं, की झालं असं नाही, साधा हिशोब करा. दर सेकंदाला एक उत्तर म्हणजे दिवसाला ८६,४०० उत्तरं. त्यातली एक टक्का जरी चुकून 'पडणे' निघाली तरी ८६४ खोटे अलार्म, घरचे लोक पहिल्याच दिवशी वायर काढून ठेवतील. म्हणून एका उत्तरावर अलार्म वाजवायचा नाही. शेवटच्या पाच उत्तरांत चार वेळा 'पडणे' आलं, आणि त्यानंतर दहा-पंधरा सेकंद माणूस खालीच, फारसा न हलता राहिला, असं काहीतरी जोडा. अलार्म थोडा उशिरा येईल, तेवढं चालतं. मोजताना पण अ‍ॅक्युरसीच्या शेजारी 'दिवसाला खोटे अलार्म किती' हा आकडा ठेवा.

आयपी कॅमेरा असेल तर अजून एक जागा बघायची राहते. मॉडेल हळू, स्ट्रीम जोरात, त्यामुळे फ्रेम बफरमध्ये साठत जातात आणि अर्ध्या तासाने तुम्ही बघताय ते बऱ्याच आधीचं असतं, वाटतं मॉडेल उशिरा ओळखतंय. फ्रेम वाचायला वेगळा थ्रेड लावा, जो सतत वाचत राहील आणि फक्त ताज्या फ्रेम ठेवेल. बफर साइज १ करायची सेटिंग सगळ्या बॅकएंडला लागू पडत नाही, तिच्या भरवशावर राहू नका. चित्रात करडे डाग, ओघळ दिसत असतील तर पॅकेट गळतायत, स्ट्रीम यूडीपीऐवजी टीसीपीवर घ्या.

हे सगळं करूनही देखाव्याचा घोळ जात नसेल आणि नवीन शूटिंग शक्य नसेल तर सांगाड्यावर जा, म्हणजे आधी पोझ मॉडेलने सांधे काढायचे आणि फक्त त्या पॉइंटवरून क्रिया ओळखायची. मीडियापाइपचे ३३ पॉइंट मिळतात, कोको पद्धतीच्या मॉडेलांचे १७. गादी, भिंत, टेबल सगळं गायब. पॉइंट कच्चे देऊ नका, कंबरेचा मध्य शून्य धरा आणि धडाच्या उंचीने भागा, नाहीतर कॅमेऱ्यापासूनचं अंतर बदललं की परत तीच रड. प्रत्येक पॉइंटचा विश्वासाचा आकडा पण सोबत द्या, कारण साडी किंवा लुंगीत गुडघे कुठे आहेत हे पोझ मॉडेल बरंचसं अंदाजानेच सांगतं, आणि छताजवळच्या कॅमेऱ्यातून तर अख्खा माणूसच त्याला नीट सापडत नाही. वस्तूवर ठरणाऱ्या क्रियांना मात्र सांगाडा कुचकामी. हात कानाशी नेला तो फोन होता की नुसती खाज, पाणी प्यायला की गोळी घेतली, हे सांध्यांवरून कळणार नाही, तिथे मनगटाच्या पॉइंटभोवतीचा छोटा क्रॉप काढून तो वेगळ्या इमेज मॉडेलला द्यायचा आणि दोन्हींची उत्तरं जोडायची.